संवेदनशीलता : मध्यम

पहिल्यांदा तो वाजला तेव्हा रात्रीचे दोन झाले होते
आणि मुकुंद सिंगापूरला.
फोनवर एक बाई, लांबच्या कुठल्याशा राज्यातून, अगदी शांत :
मॅडम, तुमचा परवलीचा शब्द?
मी म्हटलं, पिठलं.
पलीकडे थोडा वेळ काहीच नाही.
मग : स्पेलिंग सांगाल?

फिंडलेच्या त्या थंडीत, अनवाणी,
हातात गाडीवरचा बर्फ खरवडायची पट्टी घेऊन
मी पिठल्याचं एकेक अक्षर सांगत होते.
टी, मग एच. नाही, एल एकच.
तोवर दारात पोलिसांची गाडी.

चोर निघाला कढीपत्ता.
हिवाळा येतोय म्हणून आत घेतलेली कुंडी
मी नेमकी गरम हवेच्या जाळीवर ठेवली होती,
मायेनं.
हीटर सुरू झाला की तो डोलायचा
आणि कोपऱ्यातल्या डोळ्याला वाटायचं, माणूस.
त्या कोवळ्या पोलिसानं एक पान चुरगाळून हुंगलं,
छान आहे म्हणाला.
वहीत काय लिहिलंन कोण जाणे.

नोव्हेंबरात फुगे.
ऋजुता कॉलेजला, तरी तिच्या वाढदिवसाला
मी दुकानातून चंदेरी एक आणि चंदेरी नऊ आणले,
फोटो काढून पाठवला.
एक चार दिवसांतच जमिनीला लागला.
नऊ मात्र छत सोडून हळूहळू
माणसाच्या उंचीवर आला,
आणि एका रात्री जिना उतरू लागला.

मग नगरपालिकेचं पत्र :
यापुढच्या प्रत्येक खोट्या गजराला पंच्याहत्तर डॉलर.

मुकुंदनं शनिवार घातला त्यात.
शिडी, माहितीपुस्तक, डोक्यावर चढवलेला चष्मा.
डोळा जाळीकडून वळवला, बॅटऱ्या बदलल्या,
मागच्या दाराची सैल बिजागरी आवळली,
कॅमेऱ्यावरचं कोळ्याचं जाळं पुसलं
(तो कोळी रोज रात्री पडद्यावर
बैलाएवढा दिसायचा).
पाळीव प्राणी? यंत्रानं विचारलं.
आमच्याकडे नाही कुणी.
तरी त्यानं हो म्हटलं : चाळीस पौंडांपर्यंत सगळं माफ.

ऋजुता चाळीस पौंडांची होती तेव्हा
आम्ही सिनसिनाटीत भाड्यानं राहायचो,
दाराला नुसती साखळी.

संवेदनशीलता : कमी, मध्यम, जास्त.
काय ठेवू? तो शिडीवरूनच.
मध्यम, मी म्हटलं.
तुझ्यातही असं बटण असतं तर, म्हणाला,
आणि हसला, आणि खाली न बघता स्क्रू पिळत राहिला.
नऊ फोडायचं माझ्यानं झालं नाही.
खुर्चीच्या पायाला बांधून ठेवला.

डिसेंबरात एकदा पुन्हा दोनला जाग आली.
काहीच वाजत नव्हतं.
त्यानंच आली असेल.
खाली आले. भिंतीवरचा दिवा हिरवा, निवांत.
स्वयंपाकघरात, अंधारात, कोट न काढता
ऋजुता बसली होती. तिचे चार आकडे अजून चालतात.
कोलंबसहून दीड तास एकटी गाडी चालवत,
कळवलं नाही, काही नाही.

काय गं?
काही नाही गं. सहज.

हे खोटं की खरं, ते सांगणारं पुस्तक
मुकुंदच्या खणात नाही.
फोनवरच्या बाईसारखं शांत होऊन
परवलीचा शब्द विचारावा का हिला?
स्पेलिंग सांग म्हणावं का, एकेक अक्षर?

मी बेसनाचा डबा काढला.
ती बांधलेल्या नऊकडे बघत होती,
तो आता गुडघ्याएवढा.
खिडकीपाशी जाऊन कढीपत्त्याची चार पानं तोडली,
कुंडी हलली, फांदी हलली, मी हलले.
कोपऱ्यात लाल ठिपका एकदा लुकलुकला
आणि गप्प राहिला.