घरात माणसं किती

फॉर्मचं पहिलं पान मी पेन्सिलीनं भरते.
खोडता येतं म्हणून.
रुग्णाचं नाव : एमिल हुडाक. वय अठ्ठ्याहत्तर.
काम : निवृत्त.
कुठून, ते विचारलेलं नाही,
नाहीतर लिहिलं असतं : लोरेन, ओहायो,
पाइपांची मिल, एकतीस वर्षं,
त्यातली बावीस भट्टीच्या तोंडाशी.

एमिलच्या अंगात लोह साठलंय.
आकडा तीन हजार चारशे, डॉक्टर म्हणाली,
असायला हवा तीनशेच्या आत.
बरोबरच आहे, एमिल म्हणाला,
मिल बंद करताना पेन्शन अर्धी दिली,
उरलेला माल माझ्यात ठेवून गेले.
डॉक्टर हसली नाही. मी हसले,
आणि खाली पार्किंगमध्ये
किती तरी वेळ मला गाडीची किल्ली सापडेना.
हातातच होती.

खरं कारण मिल नाही.
त्याची हाडं रक्त करायचं विसरली आहेत.
दर दुसऱ्या मंगळवारी कुणा अनोळखी माणसाचं रक्त चढतं,
त्यावर तो जगतो,
आणि प्रत्येक पिशवीबरोबर थोडं लोह येतं,
ते पाहुण्यासारखं येतं आणि जायचं नावच काढत नाही.
आधी यकृतात पथारी पसरतं,
मग हृदयाच्या खोलीवर डोळा.

त्याला बाहेर काढणाऱ्या गोळ्या आहेत.
महिन्याची किंमत सांगताना
दुकानातल्या मुलीनं आवाज खाली आणला,
जशा आमच्याकडे मयताच्या घरी बायका बोलतात.

लोखंडाचे चणे चावून संसार केला असं म्हणतात.
आम्ही तो केला.
चणे पचले नाहीत, एवढंच.

डॉक्टरनं नमुन्याचा एक डबा दिलाय.
रोज सकाळी गोळी संत्र्याच्या रसात विरघळवायची.
पूर्ण विरघळत नाही ती, खडूसारखी तळाशी बसते.
मी त्या गाळाकडे बघते आणि हिशेब करते :
हे चार डॉलर, काचेला चिकटलेले सहा.
पुन्हा दोन बोटं पाणी, पुन्हा ढवळ, पी.
एमिल म्हणतो, चुना पाजून मारतेस.

मदतनिधीचा फोन सोमवारी नऊला सुरू होतो,
पैसे संपले की बंद.
मागच्या वेळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी संपले होते.
या वेळी मी आठपासून रिसीव्हर मांडीवर घेऊन बसले.
बाई लागली. नाव तनीशा, आवाज सर्दी झालेला.
उत्पन्न विचारलं. मी सांगितलं :
त्याची पेन्शन, शाळेच्या स्वयंपाकघरातला माझा पगार.
ती गप्प. बटणांचा आवाज.
मग म्हणाली, मर्यादेपेक्षा त्रेसष्ट डॉलर जास्त आहे.
वर्षाचे त्रेसष्ट.
मे महिन्यात मी एका आजारी बाईच्या जागी
तीन दिवस जादा भांडी घासली होती, ते हे.

घरात माणसं किती, तिनं पुन्हा विचारलं.
दोन, मी म्हणाले.
नक्की दोनच?
तिनं का विचारलं असेल कोण जाणे.
फोनवर जिन्याची करकर ऐकू गेली असेल.

तळघरात रॉनी झोपतो.
सेहेचाळीस वर्षांचा. पाठीची दोन ऑपरेशनं, बायको निघून गेली,
कामाला हात घालता येत नाही.
मी चर्चमध्ये सांगते, तो कोलंबसला आहे.
पेन्सिलीनंही मी त्याला कधी कागदावर घेतलं नव्हतं,
एक टॅक्सचा फॉर्म सोडला तर.
तिथं दाखवलाय का? तनीशानं विचारलं.
दाखवलाय.
मग तो माणूसच आहे, बाई. तीन लिहा.

मी तीन लिहिलं.
पेननं.

मंजुरी एकतीस डिसेंबरपर्यंत.
पुढं पुन्हा फॉर्म, पुन्हा नऊ वाजता फोन,
पुन्हा तोच आकडा, कमी झाला असेल तर कमी.
रॉनीला मी काही सांगितलं नाही.
पण आज सकाळी तो वर आला, मोजे न घालता,
बापानं ठेवलेला ग्लास उजेडात धरला,
नळाखाली दोन बोटं पाणी घेतलं,
गोल फिरवलं,
आणि म्हणाला, डॅड, अजून आहे.