ब्लो-होल

पंचवीस वर्षं उद्यमनगरात लेथवर,
शेवटची सहा शिरोलीच्या फौंड्रीत, तपासणीच्या टेबलापाशी.
डाव्या हातात व्हर्नियर, वरच्या खिशात लाल खडू.
रिजेक्ट मालावर फुली मारायची.
पास मालावर काही लिहायची पद्धत नव्हती.

आता हातात डाव आहे.
रत्नमाला अजून सीपीआरला नाईट करते,
तिची दोन वर्षं राहिलीत,
म्हणून स्वयंपाकघर माझ्याकडं आलं,
सातबाऱ्यावर नाव चढावं तसं,
न बोलता.

आमटी, भात, पिठलं महिन्याभरात हाताखाली आलं.
मग खाज सुटली.
कॅलेंडरच्या मागं यादी केली.
पहिलंच नाव ढोकळा.
रत्नमाला म्हणाली, "आपल्यात कोण खातंय ते गुळचट?"
शौकत मुल्लाणी, माझा जुना मोल्डर,
त्यानं तर कपाळालाच हात लावला.

शाहूपुरीतल्या हेमलताबेनचा मिक्सर मी दुरुस्त केलेला,
त्याच्या बदल्यात कृती मिळाली.
"सोडा अंदाजे."
अंदाजे म्हणजे किती?
"अंदाजे म्हणजे, भाई, अंदाजे."

एकतीस वर्षांत एकाही ड्रॉइंगवर
हा शब्द वाचला नव्हता.

पहिला ढोकळा उतरवला.
सुरीनं कापला, उजेडात धरला.
काय तो माल!
घट्ट, गुळगुळीत, आरपार सलग, एक भोक नाही.
फौंड्रीत असता तर पेढे वाटले असते.
हेमलताबेननं बोटानं दाबून पाहिला.
"भाई, जाळी कुठंय?"

आता हिला कसं सांगायचं,
मी जन्मभर जाळीच शोधली
आणि सापडली की माल भट्टीत परत पाठवला.
हातोडीनं ठोकून कान लावायचा,
आवाज बद्द आला की समजायचं, आत हवा अडकलीय.
हवा अडकली म्हणजे कुठल्यातरी शिवारातला पंप
भर उन्हाळ्यात फुटणार.
ती हवा बाहेर काढण्यात केस पिकले
आणि इथं ती आत धरता आली नाही
म्हणून मी नापास.

दुसऱ्या खेपेला सोडा सढळ हातानं घातला.
फुगला, छान फुगला,
पण अंगभर लाल लाल ठिपके.
हळदीला सोडा लागला की ती लाल होते,
हे मला साठीच्या तोंडावर कळलं.
माझा खडू वाचवून
त्यानं स्वतःच स्वतःवर फुली मारून घेतली.

तिसऱ्याबद्दल बोलत नाही.
तो गवळ्याच्या म्हशीनं खाल्ला,
आणि अर्धा शौकतनं, वरनं मिसळीचा कट ओतून.
"कट घाल," म्हणाला, "कोल्हापुरात काय बी खपतंय."

चौथ्या वेळी पहाटे साडेपाचला उठलो.
वजनकाटा कपाटात ठेवून दिला.
पीठ फेटताना मनगट एकदम हलकं झालं,
लेथवर हत्यार नीट लागलं की होतं तसं,
तेव्हा थांबलो.
सोडा घातला. किती, ते विचारू नका.
झाकणाखाली पाणी उकळत होतं
आणि मी जवळ कान नेऊन उभा,
जुन्या सवयीनं.

साडेसातला रत्नमाला आली.
पायात अजून ड्युटीचे पांढरे बूट,
केसांना फिनेलचा वास.
उभ्या उभ्या एक वडी उचलली, मोडली.
खिडकीतला उजेड त्या बारीक बारीक भोकांत जाऊन बसला.
खाल्ली.
दुसरी खाल्ली.
रात्री बेड नंबर अकराचं काय झालं ते सांगत
तिसरीही खाल्ली.
ढोकळ्याचं नाव काढलं नाही.

मी खिसा चाचपत होतो.

संध्याकाळी बघतो तर उरलेल्या वड्या
तिनं डब्यात भरलेल्या,
वॉर्डातल्या पोरींसाठी.
सोबत कागदात बांधून
कांदा-लसूण चटणीची एक पुडी.