नाव घालणे

कोशाच्या कचेरीतून कार्ड आलं आहे:
'उत्कीर्ण. अर्थ द्या, उपयोग द्या,
शक्यतो चार ओळींत.'

उत् म्हणजे वर. कीर्ण म्हणजे उधळलेलं.
मग जे उडालं ते, की जे उरलं ते?
छिन्नीखालून उडालेला भुगा कुणी वाचत नाही,
वाचतात तो खड्डा.
एवढं लिहून मी पेन्सिल कानावर ठेवली.

कृष्णपुऱ्याच्या छत्र्या रोजच्या वाटेवर आहेत,
दगडाचं उदाहरण फुकट मिळालं असतं.
पण हात गेला तो फडताळात,
तांदळाच्या पितळी डब्याकडे.

बिंबामावशीच्या लग्नात
ताम्हणात तांदूळ पसरून
अंगठीने नवं नाव लिहिलं होतं: कमलिनी.
सगळ्यांनी वाकून वाचलं, चांगलं आहे म्हणाले.
मग कुणीतरी तळहात फिरवला
आणि दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ शिजले.
हे झालं लिहिणं.

डब्यावर मात्र बर्तन बाजारात
बिहारीलाल ताम्रकाराने
बारीक छिन्नीने, टिचकी टिचकीने
'सौ. कमलिनी द. आठल्ये' घातलं,
खाली तारीख.
आमच्याकडे भांड्यावर नाव 'घालतात',
आंघोळ घालतात, जेवायला घालतात, भीती घालतात, तसं.
नाव ठेवतात बारशाला,
नावं ठेवतात पुढे जन्मभर,
नाव काढतात ते मुलगे,
आणि टाकतात तेव्हा पुन्हा घेतच नाहीत.
घालायलाच काय ती हातोडी लागते.

चौदा महिन्यांनी मावशी रामबागेत परत आली.
टांग्यात ती, पायाशी पोत्यात भांडी.
काय झालं ते तिने सांगितलं नाही,
घरच्यांनी विचारलं नाही.
राख, चिंच, राख, चिंच,
जितकं घासावं तितकं नाव लखलखायचं.

एका दुपारी माझं बोट धरून ती बाजारात गेली.
"हे काढून द्या."
बिहारीलालने डबा कानाशी धरून वाजवला.
"निकलेगा नहीं, बाई.
लिखा हुआ यहाँ कुछ है ही नहीं,
इतनी जगह पीतल कम है, बस.
जो कम है उसको कैसे निकालूँ?"
आजूबाजूचं सगळं घासून त्या पातळीला आणायचं,
तर डबाच झिजेल, म्हणाला. मग गळेल.

मावशी बराच वेळ उभी.
शेजारच्या दुकानात परात ठोकत होते,
मला तहान लागली होती,
हे दोन्ही मला तिच्या चेहऱ्यापेक्षा जास्त आठवतं.
"नीचे लिखो," ती म्हणाली. "बिंबा."
"आगे सौ. लगाऊँ?"
"नहीं."
"पीछे?"
"पीछे कोरा."

(कोरा आणि कोरलेला:
एकाच घरातले असतील का?
व्युत्पत्ती तपासायला हवी.)

त्याने लिहिलं. बींबा.
दुसरी वेलांटी.
मावशीने बोट फिरवून पाहिलं,
सव्वा रुपया दिला,
आणि परतताना मला उसाचा रस पाजला.

पुढे चाळीस वर्षं मी मुद्रितं तपासली.
लाल शाईने किती वेलांट्या फिरवल्या, हिशेब नाही.
ही तेवढी राहिली,
रोज डोळ्यांसमोर, रोज चूक.
मावशी गेली त्या वर्षी मुलगा म्हणाला,
डबा मोडीत देऊ, स्टीलचा आणू.
मी म्हटलं, अजून एक वाचायची आहे.
तो समजला, चूक.

कार्डावर तीन ओळी भरल्या. चौथी:
'उपयोग: तांदूळ काढताना डबा तिरका धरला
की अंगठा जिथे टेकतो, ते.'
कचेरी हे कापेल.
कापू दे, पेन्सिलीने लिहिलं आहे.