पांढरी रेघ

कातड्याचा व्यापारी या ईदला
टेम्पोतून उतरलाच नाही.
"मिठाचे पैसेसुद्धा सुटत नाहीत, भाभी.
पुरून टाका."
पुळणीत आधीच सात-आठ पुरलेली,
रात्री कुत्री उकरत होती.

मी नाही पुरलं.
दोन वर्षं आमच्या दारचा फणसाचा पाला खाल्लेला बोकड.
जुबेरनं नाव ठेवलेलं, बदाम.
उंबऱ्याला शिंगं घासायचा,
शाळेची घंटा झाली की बेड्याशी जाऊन उभा.
मांसाचे तीन वाटे झाले, रीतीप्रमाणे.
कातडं चौथा वाटा.
तो कुणाचा?

मीठ चोळलं, गुंडाळलं,
आणि भर उन्हात खाडीकाठानं
पेडणेकरांच्या घरी गेले.

म्हातारा ओट्यावर पेपर वाचत होता.
माझी सासू त्याला जातीनं हाक मारायची.
मी नाव नीट घेतलं,
तरी त्यानं दारावरच्या पाटीकडे बोट केलं:
"तीस वर्सं झाली गो. पोरगा ब्यांकेत हाय.
ह्या घराला आता चुन्याचा वास येत नाय."
म्हटलं, हात लावू नका. नुसतं सांगा.

त्यानं पेपरची घडी केली
आणि दिवेलागणीपर्यंत सांगत राहिला.

चुना शिंपल्यांचाच, भट्टीवरचा, पाकिटातला नको.
आठ दिवस. केस बोटानं सुटले पाहिजेत.
मांस खरवडायला सुरी घेशील तर फाडशील,
मुळ्याचं शिंप घे; कालवाचं नको, त्याला दात असतात.
मग कोंड्याच्या आंबवणात ठेव, चुना उतरेस्तोवर.
मग ऐनाची साल, हिरडा.
पहिलं पाणी फिकट, पाहुण्याच्या चहासारखं.
"एकदम कडक दिलंस
तर वरून पिकेल, आत कच्चंच राहील."
मला वाटलं, आता म्हणेल, माणसाचं असतं तसं.
तो म्हणाला, "हिरड्याची बी काढून घे."

साल वखारीतून आणली, गोणीभर.
पडवीत निळं पिंप.
रोज सकाळी बाही सारून
मी त्याला उलटंपालटं करायची, पूर्वी कूस बदलायला लावायची तसं,
आजारी पडला होता तेव्हा.
शेजारची शमशाद नाकाला ओढणी लावून जायची.
माझी नखं काळी पडली.
जुबेर तीन आठवडे मागच्या दारानं ये-जा करत होता.

चौथ्या आठवड्यात म्हातारा आला,
रस्त्यानं नाही, सड्यावरून.
पिंपात डोकावला.
कुणाला काही न विचारता
कोपरापर्यंत हात आत घातला
आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

मग मानेकडची एक चिंधी कातरून
उजेडात धरली.
दोन्ही कडांना तपकिरी रंग,
मधोमध दोऱ्याएवढी पांढरी रेघ.
"ही बघ. एवढा अजून बोकड हाय.
दोनीकडचा रंग एकमेकाला भेटला
की मग कातडं."

अजून अकरा दिवस लागले.
सावलीत सुकवलं, उंडीचं तेल चोळलं,
सासऱ्यांच्या जुन्या वल्ह्याच्या कडेवरून
ओढ ओढ ओढलं,
खांदे भरून आले तेव्हा कुठे ते
कान चोळल्यासारखं मऊ झालं.

जुबेर एका दुपारी पुढच्या दारानं आला.
दप्तर न काढताच उभा राहिला.
मग बरगडीच्या जागी बोट ठेवून म्हणाला,
"इथे तार लागली होती."
हो. हळद त्यानंच लावली होती.
हळद गेली. व्रण पिकून
बाकीच्या कातड्यापेक्षा जरा गडद झालाय.
"ह्याचं काय करणार?"
"तू सांग."
त्यानं अजून सांगितलेलं नाही.
वल्ह्यावरच आहे ते.

म्हाताऱ्याला मी पैसे देऊ केले, घेतले नाहीत.
नवी चिंधी दाखवली, आरपार तपकिरी;
नुसती मान हलवली.
मग म्हणाला, "ती आधीची कुठाय?"
पिंपाच्या झाकणावर पडली होती, वाळून कडक.
ती त्यानं नाकाशी नेली,
चष्म्याच्या घरात घातली
आणि सड्याच्या वाटेनं गेला.