कोरफड

तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये आम्ही अठरा जणी.
पट्ट्यावरून माल सरकतो:
हिरवा इकडे, काळा तिकडे,
काडी, खडा, देठ खाली पाटीत.
हात चालतात तशी तोंडंही.
माझी पोर पावणेतीन वर्षांची,
रिकाम्या क्रेटात बसून असते,
आणि जेवणाचा भोंगा झाला
की माझा डबा उघडायच्या आधी
पदरात शिरते.

"अजून?" फुलाबाई विचारते.
अजून असं म्हणते
जसं मी लाइटबिल थकवलंय.
"कवर पाजायचं गं पोरीला?"

अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ता आहे.
सहा महिने फक्त आईचं,
मग वरचं चालू, आईचंही चालू,
दोन वर्षं, आणि पुढे...
पुढे ओल आलीय.
कागद सुटून लोंबतोय,
बाईंनी टाचणी मारलीय ती नेमकी अक्षरांवर.

सासूबाई सांगतात, चारचौघींत, मान वर करून:
"आमच्या सुभानला चार वर्षं पाजलं.
शाळंतनं यायचा, दप्तर फेकायचा, आन् मांडीवर."
सगळ्या हसल्या. मीपण.
मग त्या म्हणाल्या,
"पोरीला बास की आता."
तेव्हा पट्ट्याचा आवाज बराच मोठा वाटला.

मालकाची सून बँकेत असते.
शनिवारी येते, वजनाची वही बघते.
तिनं पाचव्या महिन्यात सोडवलं म्हणे,
सांगली शाखेत बदली झाली होती.
ती कधी काही बोलत नाही.
फक्त माझी पोर पीत असली
की तिचा आकडा चुकतो,
आणि ती तीच बेरीज पुन्हा करते.

शेवटी मागल्या अमावास्येला
सासूबाईंनी कोरफड चिरून वाटीत दिली.
बुळबुळीत, पिवळं पाणी सुटलेली.
मी लावली.
दिवा घालवला.
पोरीनं तोंड लावलं, थबकली,
उठून बसली अंधारात.
मी रडण्याची वाट बघत होते.
"आई, तुला बाऊ झाला?"
आणि फुंकर घातली.
फू. फू.
थुंकीचे थेंब गार लागले.
झोप येईस्तोवर फुंकत होती बिचारी,
औषध लावल्यासारखी.
पहाटे मी साबणानं धुतलं,
तीनदा, तरी बोटांना कडू राहिलं.

त्या दुपारी कवठ्याला आईला फोन लावला.
"मला किती दिवस पाजलंस गं?"
पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
दुसरी झाली.
"विजू पोटात राहिला. तुला आठवा लागलेला.
दूध बाधतं म्हणाले पोटुशीचं."
"मग?"
"मग काय. कोरफड."
"रडले का मी?"
"तीन दिवस. मग गप झालीस."
गॅस बारीक केल्याचा आवाज आला.
"लई गप झालीस," आई म्हणाली.
विजूचं मी विचारलं नाही.
तिनंही नाही सांगितलं.

वाटी मी परसात पालथी केली.
सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत,
भाकरी मात्र दोन दिवस जाड थापल्या.

आता हे परवाचं.
भोंगा झाला. मी सावलीला बसले, पदर सोडून.
पोर आलीच नाही.
दारात टेम्पो लागला होता,
ड्रायव्हरनं तिला हॉर्न वाजवायला दिला होता.
पां. पां. पां.
छाती भरून दगड झाली,
पोलक्यावर दोन गोल उमटले.
फुलाबाईनं बघितलं,
गुमान आपलं क्रेट सरकवून
माझ्या आणि गड्यांच्या मधे आड केलं,
पाठ करून भाकरी खात बसली.

भोंग्याच्या तोंडावर पोर धावत आली,
दोन घोट घेतले,
ओठ पुसले माझ्याच पदराला.
"संपलं," म्हणाली,
आणि गेली.

संपलं नव्हतं.

पट्टा सुरू झाला.
हिरवा इकडे, काळा तिकडे.
एक काळा दाणा हिरव्यात निघाला होता,
दिसत होता मला लांबून.
जाऊ दिला.