चोवीस तासांचा लाल

खारघरच्या टेकडीकडे पाठ करून बसते मी.
कपाटात सदतीस अंश.
भक्षकपेशी बशीच्या तळाला चिकटलेल्या,
सुस्त, खात्यापित्या घरच्या.
दहा मायक्रोलिटर औषध टाकते.
शून्य तास, दोन, सहा, चोवीस.
दर टप्प्याला काही पेशी फोडायच्या,
आत काय बोलणं चाललं होतं ते
बर्फावर धरून ठेवायचं.

बाबा तेव्हा वाशीच्या दवाखान्यात
पाव तास डाव्या कुशीवर,
पाव तास उजव्या, मग पालथे.
लहानपणी दंडावर टोचतात
ते क्षयाचे अर्धमेले जंतू
आता नळीतून थेट मूत्राशयात.
दोन तास लघवी अडवून धरायची.
बत्तीस वर्षं तुर्भ्याला रंगाच्या भट्टीवर काढली त्यांनी.
ज्या दिवशी जी बॅच,
तिचाच रंग नखांत, कानामागच्या खाचेत.
आई उशीच्या अभ्र्यावरून वार ओळखायची.

तिसऱ्या आठवड्यात ताप चढला, एकशे एक.
आई घड्या ठेवत होती.
मी थर्मामीटर पुन्हा पुन्हा बघत होते
आणि मला बरं वाटत होतं,
हे कुणाला सांगायचं?

फरझानाने जनुकांचा तक्ता छापून दिला,
लाल-निळ्या चौकटींचा.
कोपरखैरण्याला घरी नेला.
बाबांनी चष्मा पुसला,
कागद खिडकीकडे तिरका धरला.
"यो दोन तासांचा लाल कच्चा हाय.
सहाचा चरलाय.
चोविसाचा पक्का. धुवून जानार नाय.
आनि ही निली?"

ती बंद पडलेली, बाबा.
साफसफाईची, डागडुजीची.
पाइप तेच आहेत सगळे,
एक इंचही बदललेला नाही,
फक्त कुठला व्हॉल्व्ह उघडा, ते बदललंय.
"म्हंजे झाडू टाकून
आख्खी पाली भट्टीवर धावली."
हो.
"औषध गेल्यावर इझते का?"
काही विझतात.
काही किलकिले राहतात,
पुढच्या वेळी लवकर पेटतात.
माझ्या बशीत तरी.

त्यांनी नखं पुढे केली.
निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली,
अंगठ्याच्या मुळाशी अजून बारीक जांभळी कड.
दोघंही हसलो नाही.

दुर्बीण गुरुवारी आहे.
तोवर दर खेपेनंतर
संडासात ब्लीच ओतून
पंधरा मिनिटं थांबायचं.
ते दाराबाहेर उभे राहतात,
हात मागे बांधून,
बॅच उतरायची वाट बघावी तसे.