भेगेचं टोक

फोनवर हिरेमठ साहेब म्हणाले, जारुबंडी फुटलीया.
मी म्हणालो, घसरगुंडी ना?
हां, तीच. हुबळीहून नवी आणायला साठ हजार सांगतात,
तुम्ही एकदा बघून जावा.

उद्यमबागेतून निघालो,
मागं दस्तगीर, त्याच्या मांडीवर ग्राइंडर,
पायांत रेझिनचा डबा, गळ्यात मॅटची गुंडाळी,
पांढरी, केसाळ, हात लावला की चावणारी.

हिंडलग्याच्या पुढं, काजूच्या झाडांमागं बंगला.
टाकीतलं पाणी काढलेलं.
तळाला पाचोळा, एक चप्पल, एक वाळका बेडूक,
आणि वर ती, निळी,
वळणापाशी तडकलेली.
भेग केसाएवढी, पण लांब.

रुपया काढून वाजवत आलो वरून खाली.
टण. टण. टण.
वळणाला ढब.
आतला थर सुटलाय.
दस्तगीरला म्हणालो, घास.

निळ्याखाली पांढरं निघालं,
पांढऱ्याखाली वीतभर करडं ठिगळ,
आणि ठिगळाच्या कडेला अंगठा उमटलेला.
डावा. आखूड.
माझ्या डाव्या अंगठ्याचं पेर
प्रेसखाली गेलं पंच्याण्णव साली.

अकरा वर्षं झाली.
तेव्हा बंगला कुणा कंत्राटदाराचा,
थंडी अशी की रेझिन बसता बसेना,
आणि सौंदत्तीला जायचा टेम्पो
गल्लीच्या तोंडाला हॉर्न मारत उभा, बायकापोरं आत.
चार थर बोललो होतो.
दोन घातले.
रंग मात्र झकास बसला होता.

साहेब काठावर वाकून विचारतात,
“यार माडिद्दु इदु?”
मी म्हणालो, “गोत्तिल्लरी.”
मला खोटं कानडीत सोपं जातं.
शब्द थोडेच येतात,
घोटाळा होत नाही.

भेग दिसते तिथं संपत नाही.
बोटभर पुढं जाऊन
बारीक बिटानं भोक पाडायचं,
गोल.
गोलात शिरली की तिला टोक राहत नाही.
हे मला उस्तादांनी शिकवलं,
मी दस्तगीरला शिकवतोय,
तो मान डोलावतो आणि हात खाजवतो.

चैत्राचं ऊन. हार्डनर थेंब मोजून,
नाहीतर मगातच दगड होतो.
एक थर, रोलर, हवा काढ.
दोन.
तीन, तो बुडबुडा बघ, तो.
चार.
“उस्ताद, चारच बोललात.”
“मॅट काप.”
पाच.
“पैसे वाढवून घेणार?”
“नाही.”
सहा.
त्यानं एकदा माझ्या अंगठ्याकडं बघितलं,
मग खाली ठिगळाचा उखडलेला तुकडा पडला होता त्याकडं.
काही बोलला नाही. तुकडा पोत्यात टाकला.

दुसऱ्या दिवशी पॉलिश मारलं, पाणी भरलं.
साहेबांची नात पायरीवर उभी राहून ओरडली,
“अज्जा, इल्ली कलर बेरे!”
मग माझ्यासाठी मराठीत,
“इथं वेगळंच दिसतंय की.”
खरं होतं.
निळा मी तीनदा घोटला,
पण अकरा वर्षांचं ऊन डब्यात मिळत नाही.

टेस्ट कोण करणार?
दस्तगीरला पोहता येत नाही.
मी घड्याळ काढलं, पाकीट काढलं,
चोपन्न वर्षांचा, ब्याऐंशी किलो,
असल्या शेकडो बनवल्या,
बसलो कधीच नव्हतो.
वळणाला दात आवळले.
काही वाजलं नाही.
मग नाकात पाणी, वर आभाळ,
आणि नात टाळ्या वाजवते, “मत्तोम्मे! मत्तोम्मे!”
परत गेलो. लाज सोडून.

पैसे पूर्ण घेतले. मोजून.

रात्री मोरीत उकिडवा बसलोय,
बायको दाराबाहेरून,
“काय करूलालास रे इतका वेळ?”
धुवूलालोय, म्हणालो.
साबणानं जात नाही ती काच,
दोन दिवस राहते कातडीत,
बोट फिरवलं तर सापडत नाही,
हात सोडला की चावते.